सागटची पदावनती

'स्ट्रीट फायटर' या व्हिडिओ गेममधला सागट १९८७ साली शेवटचा खलनायक होता: एक डोळा, ताडमाड उंची, मुए थाईचा सम्राट. १९९४च्या 'सुपर टर्बो' या आवृत्तीत त्याला जरा नरम केलं. पण गुप्त कळा दाबल्या की जुना सागट बाहेर यायचा, आणि तो इतका भारी की जपानी खेळाडूंनी आपसांत समजुतीने त्याला घेणंच टाळलं. चौथ्या भागात पुन्हा दरारा, २०१०च्या सुधारित आवृत्तीत लगेच पंख छाटले. पाचव्यात तो आला २०१८ साली, उशिरा आणि रडतखडत. कथेत हा गडी वर्षानुवर्षं घाम गाळतोय. ताकद मात्र ठरते गेम बनवणाऱ्या कॅपकॉमच्या ऑफिसात, कुणाच्या तरी कीबोर्डवर. त्याच्या छातीवरचा लढाईतला व्रण तेवढा कुणी कमी केला नाही.