शेफ आणि सासर

चिरंजीवांनी अकरावीला ‘फूड प्रॉडक्शन’ घेतलं की काका चारचौघांत सांगतात, “शेफ होणार, क्रूझवर जाणार!” पुतणीने गृहविज्ञान घेतलं तर तेच काका म्हणतात, “बरं झालं, सासरी उपयोगी पडेल.” सीबीएसईत दोन्ही विषय आहेत. गृहविज्ञानाचे ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे; त्यात पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र, ग्राहकहक्क सगळं येतं. घरच्यांच्या लेखी मात्र अख्खा अभ्यासक्रम पोळीच्या गोलाईत मावतो. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ पासून हे शास्त्र शिकवतंय. काकांपर्यंत बातमी अजून पोचायची आहे. चिरंजीव कांदा चिरतात तेव्हा ॲप्रन, उंच टोपी आणि फोटो. जेवल्यावर ताट मात्र तिथेच. हाऊसकीपिंगचा पेपर म्हणे वेगळा असतो.