बुलेटची जवारी

आमच्या दाजींची बुलेट १९८६ सालची. बिडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. साताऱ्यात ती चालवू शकणारी माणसं दोनच, दाजी आणि त्यांचे वडील आबा. तिसरा कुणी बसला की ब्रेक मारायला जातो आणि गिअर टाकतो. चोरीचं भय नाही ते त्यामुळेच.

गेल्या पावसाळ्यात तिचा सायलेन्सर खालून गंजून गळून पडला. ताईचं म्हणणं सरळ होतं: बाजारातून नळकांडं आणायचं, दोन नट आवळायचे. पण दाजींचा साताऱ्यातल्या एकाही मिस्त्रीवर विश्वास उरलेला नाही (मिस्त्र्यांचंही दाजींबद्दल असंच काही मत असावं), म्हणून गाडी घेऊन ते सांगलीला आमच्याकडे आले.

दुकानात लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन असे सगळे टांगलेले होते. मिस्त्रीनं दाजींना पहिलाच प्रश्न टाकला, "आवाज कसला पायजे? भरीव का फुटका?" किंमत नंतर. आत काय असतं तेही त्यानं एक जुना सायलेन्सर कापून दाखवलं. एका प्रकारात कप्पे आणि पडदे. आवाजाची लाट पडद्यावर आपटून माघारी येते आणि मागून येणाऱ्या लाटेचा जोर मोडते. दुसऱ्यात नुसती भोकाभोकांची नळी, भोवती ग्लासवूल ठासलेलं. वूल वरचा कर्कश आवाज खातं, खालचा जाऊ देतं. "वूल जळालं की मग पत्रा बोंबलतो," मिस्त्री म्हणाला.

खरी अडचण पुढंच होती. बुलेटचा आवाज बुलेटवाल्याला धड ऐकू येत नाही. सायलेन्सर मागं, मालक पुढं, डोक्यावर हेल्मेट, कानात वारं. तेव्हा कान म्हणून माझी नेमणूक झाली. शंभर फुटी रस्त्याला एका रसवंतीशेजारी मला उभं करून दाजी लांबून यायचे, पुढून जायचे, वळून परत यायचे.

"कसा वाटला, पाव्हणं?"

"चांगला."

"चांगला म्हंजे? खर्ज हाय का?"

मी काय सांगणार? रसवाल्यानं चरक थांबवून परस्पर उत्तर दिलं, "मगाचा बरा होता." दाजींनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या फेरीपासून आम्ही दोघं परीक्षक झालो.

बुलेटच्या ठोक्याचं गणित मात्र सोपं आहे. बुलेटला सिलिंडर एक, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरला की स्फोट एकदा. सहाशे आरपीएमवर उभी असली तर सेकंदाला पाच ठोके. पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात, म्हणून डुग-डुग. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅकची जीटीओ आली. आठ सिलिंडर, सहा लिटरच्या वरचं इंजिन. तेवढ्याच आरपीएमला तिचे चाळीस ठोके पडतात. ते कोण मोजणार, सगळी गुरगुर. तिकडची माणसं त्या गुरगुरीपायी सायलेन्सर बदलत बसतात. आपल्याकडे त्या थाटाची गाडी म्हणजे १९८४ची काँटेसा. रुबाब सगळा अमेरिकन आणि बॉनेटखाली अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन, म्हणजे पैलवानाच्या अंगात कारकून. तिला कुठलाही सायलेन्सर लावा, घसा खाकरणार अँबेसिडरसारखाच.

मध्ये कुणा पोराच्या सल्ल्यानं दाजींनी आतली जाळीच काढून टाकली. धूर मोकळा सुटला, पण मिश्रण पातळ पडलं. अशा वेळी कार्ब्युरेटरचा जेट मोठा करावा लागतो, तो केला नव्हता. रेझ सोडली की न जळलेलं पेट्रोल नळकांड्यात पेटायचं आणि फाडकन बार निघायचा. पहिल्याच बाराला रसवाल्याचं गिऱ्हाईक ग्लास टाकून उठलं. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला मर्यादा ८० डेसिबलची. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. रोलरखाली मात्र सगळ्यांचा आवाज सारखाच येतो. जाळी त्याच दिवशी परत बसली.

मग आवाज कसा लावतात ते दाखवायला मी दाजींना मिरजेला नेलं, सतारमेकर गल्लीत. तलवारी घासणाऱ्या शिकलगारांची घराणी इथं तंबोरे करायला लागली, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसला होता. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा कानस. शेवटी त्यानं तारेखाली दोऱ्याचा बारका तुकडा सरकवला. इतका वेळ नुसती टणटणणारी तार घुमायला लागली.

दाजी बराच वेळ गप्प होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "एवढ्याशा दोऱ्यानं? मग आपल्याला काय झालंय?"

संध्याकाळी त्यांनी शॉर्ट बॉटलच्या तोंडात आतून एक वॉशर वेल्ड करून घेतला. आवाज खरोखरच बसला. रसवाल्यानं मान डोलावली, मीही डोलावली.

साताऱ्यात पोचल्यावर घरासमोर प्रदर्शन झालं. ताई म्हणाली, "आधी तुमची गाडी पोवई नाक्यावरनं ऐकू यायची, मी तवा ठेवायची. आता दारात आल्यावर कळतंय. पोळी गार मिळाली तर बोलायचं नाही." शेजारच्यांनी काहीच म्हटलं नाही, दाजींच्या मते ही दाद.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांना ऐकू फार कमी येतं. ते काठी टेकत आले, चालू गाडीच्या टाकीवर पंजा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "टॅपेट ढिलं हाय."

"आबा, आवाज कसाय?"

"आँ?"

"सायलेन्सर! नवा!"

"टॅपेट म्हणतोय मी. ढिलं हाय."

रात्रीच दाजींचा फोन आला. पुढच्या रविवारी टॅपेट ऐकायला सांगलीला येतायत. रसवाल्याला सांगून ठेवा म्हणाले.