इडलीचा सीमाप्रश्न

२०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना सोलापूर-अक्कलकोटच्या कानडी भागाची एकदम आठवण झाली. तो आमच्याकडे यावा, म्हणाले. मग पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले. सोलापूरच्या भवानी पेठेत मात्र इडलीच्या गाड्यावर रोजच्याइतकीच गर्दी होती.

हक्क सांगणाऱ्यांनी एकदा जोडबसवण्णा चौकात यावं आणि कानडी भाग नेमका कुठून सुरू होतो ते खडूनं आखून दाखवावं. गाडा तेलुगू माणसाचा. पहिलं गिऱ्हाईक लिंगायत, दुसरं मराठा, तिसरा रिक्षावाला ‘चटणी जरा ज्यादा डालो अण्णा’ म्हणणारा. अण्णा तिघांशी तीन भाषांत बोलतो आणि हिशेब चौथीत करतो. रेषा आखायचीच तर ती चटणीच्या पातेल्यातून न्यावी लागेल.

एवढ्यावर कुणाला ‘विविधतेत एकता’ म्हणावंसं वाटलं असेल तर जरा थांबा. ती ओळ सव्वीस जानेवारीच्या भाषणवाल्यांची आहे, आणि हल्ली मोबाइल उंच धरून येणाऱ्या खाद्यभ्रमंतीवाल्यांची. पहिला घास घेतला की डोळे मिटून ‘अहाहा’ म्हणायचं, एवढं त्यांना पाठ असतं. गाडा भल्या सकाळी का भरतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मड्डी वस्तीत, घोंगडे वस्तीत फिरलं तर कळेल. तेलंगणातून हातमागावर आणि गिरण्यांत कामाला आलेल्या पद्मशाली घरांत आज गडी यंत्रमागावर टॉवेल काढतो आणि बाई घरी विड्या वळते. तिची मजुरी हजार विड्यांवर. डाळ-तांदूळ भिजत घालून, वाटून, आंबवून घरी इडली करायची तर तितक्या विड्या कमी भरतात. त्यापेक्षा पोराच्या हाती स्टीलचा डबा देऊन गाड्यावर पिटाळलेलं परवडतं. आपण जिला खाद्यसंस्कृती म्हणतो, ती इथं मजुरीच्या दरातून निघते. दर वाढला तर गर्दी कदाचित ओसरेलही. तशी काळजी करायची वेळ अजून कुणी येऊ दिलेली नाही.

चटणीचंही तेच. खोबरं परवडत नाही, शेंगा परवडतात, म्हणून इथली इडली शेंगदाण्याच्या चटणीत पोहते. मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी नाक मुरडतो आणि दुसऱ्या दिवशी चटणी परत मागतो. त्याच्या मुंबईत साठ-सत्तरच्या दशकांत उडप्यांविरुद्ध बटाटावडा उभा केला गेला. सोलापुरात वडा आणि इडली एकाच गाड्यावर शेजारी बसतात. वड्याला अस्मिता आहे, हे त्याला इथं अजून कुणी सांगितलेलं नसावं.

इडली परप्रांतीय म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. हैदराबादच्या रस्त्यानं गेलं की बसवकल्याण लागतं. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आणि सोलापूर त्यांच्याच मुलखात. तिथल्या सोमेश्वर तिसऱ्यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ केला. त्यात इडली आहे, नुसत्या उडदाची. म्हणजे इडली इथं नऊशे वर्षं जुनी रहिवासी. उलट बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, तिघंही पोर्तुगीजांनी समुद्र ओलांडल्यावर अमेरिकेतून आलेले. भूमिपुत्रांचा न्याय लावायचा तर आधी वडा हद्दपार करावा लागेल, आणि मागोमाग सोलापूरची जगप्रसिद्ध शेंगा चटणी. मोर्चाला कोण येतंय?

आणि गाड्यावर खांद्याला खांदा लागला म्हणजे मनं जुळली, असंही समजू नका. खोली भाड्यानं देताना ‘तुमच्यात मटण चालतं का हो?’ असं विचारणारे घरमालक सकाळी त्याच भाडेकरूच्या शेजारी उभे राहून वडा खातात. उभ्यानं खाल्लेलं पोटात जातं, पाटावर बसून खाल्लेलं मात्र थेट जातीत जातं. रमजानात विजापूर वेशीच्या मीना बाजारात कबाबाच्या धुरात उभी असलेली निम्मी तोंडं रोज्याची नसतात. रविवारी सावजीच्या खानावळीत ‘मित्राला भेटून येतो’ सांगून आलेलेही बरेच. त्यांची आडनावं इथं छापणार नाही. मलाही गावात राहायचंय.

आता प्रशासनाकडे वळू. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववं आलं आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिलं. प्लेट धुवायची कशानं? गाडेवाल्यानं युक्ती काढली: प्लेटवर प्लॅस्टिकचा कागद, खाऊन झालं की कागद फेकायचा. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी. म्हणजे कागद लावला तर गुन्हा, नाही लावला तर जुलाब. बादलीतल्या त्याच पाण्यात बुडवून काढलेली प्लेट मात्र पर्यावरणपूरक.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला हलवू नका, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, असं त्यात लिहिलंय. लिहिलेलं फार छान आहे. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला की मात्र तेलुगू इडली, मराठी वडा, कानडी मिरची भजी आणि मामूचा आम्लेटचा तवा कसलाही भेदभाव न होता एकावर एक रचले जातात. अण्णा ओरडतो तेलुगूत, मामू हिंदीत. दंड भरल्यावर मिळणारी पावती शुद्ध मराठीत असते.