श्रीमती लिंकबाई यांस अनावृत पत्र



लिंकबाई, मी कंधार-अहमदपूरच्या शिवेवरच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य. शाळा छोटी, वर्ग चार. माझे निम्मे सोयरे नांदेड जिल्ह्यात, निम्मे लातूर जिल्ह्यात, त्यामुळे दोन्हीकडच्या गुरुजींच्या गप्पा कानावर पडतात. दोन्हीकडे विषय एकच, तुम्ही. "लिंक आली का?" "लिंक भरली का?" आमच्याकडं एवढी विचारपूस नव्या जावयाचीही होत नाही. तेव्हा म्हटलं, आपणच चार ओळींत तुमचं अभिनंदन करावं.

परवा तुमचं आगमन समक्ष पाहिलं. तिसरीत हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर 52 वजा 27. दोनातून सात जात नाहीत, म्हणून गुरुजींनी शेजारून एक दशक घेतला, पाचाचे चार केले, आणि तेवढ्यात ग्रुपवर तुम्ही अवतरलात. 'अतितात्काळ. दुपारी 12 पर्यंत भरणे. माहिती निरंक असली तरी भरणे.' गुरुजी खडू ठेवून रेंजसाठी लिंबाखाली गेले. आधी पासवर्ड, मग ओटीपी. ओटीपी जातो हेडमास्तरांच्या मोबाइलवर, आणि हेडमास्तर गेलेले तालुक्याला बैठकीला. बैठक कशाची, तर शाळा तुम्हाला वेळेत का भरत नाहीत याची! गुरुजी वर्गात परतले तोवर खिचडीची सुट्टी झाली होती. घेतलेला दशक फळ्यावर तसाच लटकत राहिला.

तुमचं घराणं मोठं. माहिती मागणारी सरल, शाळासिद्धी, यू-डायस प्लस ही पोर्टलं म्हणजे तुमची एकाहून एक नामांकित भावंडं. 2016 साली तर कमालच झाली. दर सोमवारी दहा-दहा लेकरांचा गट करून गुरुजींनी त्यांच्यासोबत सेल्फी काढावा आणि तो वर चढवावा, असा आदेश निघाला. राज्यभर ओरड झाली तेव्हा तो बासनात गेला. पण हौस काही फिटली नाही. डिसेंबर 2023 पासून हजेरी घ्यायला चॅटबॉट आला. आता गुरुजी आधी हजेरीपटावर हजेरी मांडतात, मग मोबाइलवर. लेकरू एकच, हजर मात्र दोनदा.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. हा कायदा 2009 चा. त्यात तुमचं नाव घालायचं राहून गेलं, आणि त्याचाच तुम्ही फायदा घेतलात.

राग मानू नका, यंत्राशी आमचं वैर नाही. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, तेव्हा शाळा डिजिटल करायला गावोगाव लोकवर्गणी झाली. आमच्याही गावानं कुणी सोयाबीनच्या पट्टीतून, कुणी ऊसतोडीच्या उचलीतून पैसे दिले आणि शाळेत टीव्ही आणला. समुद्र कधी न पाहिलेली आमची लेकरं त्यावर लाटा बघून किंचाळली होती. पुढं बिल थकलं, वीज तुटली. आता टीव्हीवर हेडमास्तरांचा टॉवेल वाळतो. तुमच्या एका रकान्यात मात्र आजही 'डिजिटल शाळा : होय' असं लिहिलेलं आहे.

पहिलीच्या मॅडमचं बघा. बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना नवी. मॅडमनी एका आजीकडून गोष्ट गोरमाटीत सांगून घेतली, मोबाइलवर रेकॉर्ड केली, वर्गात ऐकवली आणि तीच मग मराठीतून सांगितली. मुकी बसणारी पोरं बोलू लागली. खर्च शून्य. पण तुमच्याकडं यासाठी रकाना नाही, त्यामुळे सरकारदप्तरी हे घडलेलंच नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्या कोडमागं धडा होता, कविता होती. मोबाइलमधून काहीतरी लेकरांकडं येत होतं. तुमची वाहतूक सगळी उलट्या दिशेनं, शाळेतून वर, आणखी वर. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालानं हेच विचारलं होतं की शिक्षणातलं तंत्रज्ञान चालतं कोणाच्या अटींवर? आमच्या शाळेपुरतं उत्तर सोपं आहे. तुमच्या.

लातूर-नांदेडात डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासेसचे फलक रस्तोरस्ती दिसतात. 'लातूर पॅटर्न'चं नाव महाराष्ट्रभर. पण त्या इमारतीचा पाया तिसरीच्या हातच्यातच आहे, आणि तो घट्ट करायला गुरुजी वर्गात लागतात, लिंबाखाली नाही.

तेव्हा तुम्हाला धाडणाऱ्या वरिष्ठांना आमच्या तीन मागण्या कळवा. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका. शाळेचं वीजबिल शासनानं भरावं. आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत एकही लिंक पाठवू नका. एवढं झालं तर उरलेली डिजिटल क्रांती आमचे गुरुजी आणि मॅडम आपापल्या मोबाइलवर करतील.

आपला,
एक पालक, इयत्ता तिसरी

प्रत माहितीस्तव : केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक). या पत्रावरील कार्यवाहीचा अहवाल लिंकवर मागवू नये. शाळेत येऊन तिसरीला वजाबाकी विचारावी.