जंगली ट्राउट, माणसाळलेला मी

आपण मालवणकडचे, तेव्हा मासेमारी आपल्या रक्तातच आहे, असा माझा ठाम समज होता. वास्तविक आमच्या घरी मासा यायचा तो मासेवालीच्या पाटीतून, आणि माझं कसब कल्ले उघडून ताजेपणा बघण्यापुरतं. एवढ्या भांडवलावर मी अमेरिकेतल्या मोंटानात, मॅडिसन नदीत, छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार चढवून उतरलो.

बरोबर बोझमनला राहणारा भाचा होता. त्याने काठावरच तंबी दिली, "मामा, इथे हॅचरीचे मासे नाहीत हं. सगळे जंगली."

"मग जास्तच भुकेले असतील," मी म्हणालो.

पूर्वी इथेही हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करण्याच्या केंद्रात, वाढवलेले ट्राउट मासे आणून नदीत सोडत. पुढे डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञाने मासे मोजायला घेतले. मॅडिसनच्या एका टप्प्यात सोडणं थांबवलं, तर जंगली मासे वाढले. ओडेल ओढ्यात मुद्दाम सोडले, तर तिथले घटले. म्हणजे पाहुण्यांनी घरच्यांना उठवायचं आणि स्वतःही तगायचं नाही, असा कारभार. गळवाल्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण १९७४ साली मोंटानाने जंगली ट्राउट असलेल्या नद्या-ओढ्यांत मासे सोडणं बंद केलं. नव्वदच्या दशकात रोगाने मॅडिसनमधले रेनबो ट्राउट धडाधड घटले, तेव्हाही सरकार बधलं नाही.

याचा त्रास मला असा झाला. हॅचरीतल्या माशाला माणसाची सावली म्हणजे जेवणाची घंटा. सावली आली की वरून खाद्य पडतं. जंगली माशाला सावली म्हणजे बगळा. हे भाच्याने मला सांगितलं, तोवर मी सावलीसकट पाण्याच्या मध्यावर पोचलो होतो. शिवाय मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, मागून जायचं असतं. मी वरून, दगड गडगडवत, वाजतगाजत आलो.

तरी एक ब्राउन ट्राउट दिसला. काठच्या झुडपाखाली, एकाच जागी, शेपटी जराशी हलवत. दर थोड्या वेळाने वर येऊन पाण्यावरचा किडा टिपायचा. माझ्या गळाला नखाएवढी, एल्क हरणाच्या केसांची बांधलेली नकली माशी होती. ती टाकली. मासा उठला, माशीखाली येऊन तिच्याबरोबर मागे मागे वाहत आला. अगदी निरखून पाहत होता. मीही कल्ले असेच बघतो. तेवढ्यात दोरीला ताण बसला, माशीमागे पाण्यावर बारीक रेघ उमटली. खरा किडा प्रवाहाच्या वेगानेच वाहतो, ओढल्यासारखा धावत नाही. मासा वळून खोल पाण्यात गेला.

पुन्हा टाकण्यासाठी दोरी मागे फेकली, ती झुडपात अडकली. सोडवायला वळलो, पाय शेवाळलेल्या दगडावर पडला आणि मॅडिसनचं बर्फगार पाणी विजारीत वरून शिरलं. सुटलेली माशी अखेर माझ्याच टोपीत रुतली. "मामा, लागली!" भाचा ओरडला. मासा लागला असं समजून मी काठीला जोरात हिसका दिला, आणि टोपीही नदीत गेली.

गंमत म्हणजे हे ब्राउन ट्राउट मूळचे इथले नव्हेतच. त्यांची अंडी १८८३ साली जर्मनीहून अमेरिकेत आली. पुढच्या पिढ्या नदीतच जन्मल्या, आणि आता मंडळी इथली जंगली म्हणून मिरवतात. आमच्या भाच्याचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे.

मोंटानाचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. गैरसोय झाली ती फक्त माझ्यासारख्यांची. तळ्यांत मात्र तिथे अजूनही हॅचरीचे मासे सोडतात. नवख्यांनी निमूट तिकडे जावं. मॅडिसनलाच जायचं असेल, तर परवाना काढा, खालच्या अंगाने शिरा आणि जेवणाचा डबा घरूनच न्या.