नवं काय वाचू?

किरनापुरात बसून वाचकांच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटावर विचारून पाहा, ‘मराठीत नवी विज्ञानकथा सुचवा.’ पहिलं उत्तर जयंत नारळीकर. दुसरंही नारळीकर. तिसरा ‘मृत्युंजय’ सुचवतो. कर्णाची कवचकुंडलं म्हणजे प्रगत तंत्रज्ञानच ना! चौथ्याला फक्त पीडीएफ हवी, कशाचीही.

गंमत अशी, की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं होतं, नाव बघून निकाल लागू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. आज हेच जगताप गटावर आले, तर दोन अंगठे आणि एक ‘शुभ सकाळ’ मिळेल.

तेव्हा गटावर विचारत बसू नका; किरनापूरहून गोंदिया जवळच आहे. तिथल्या वाचनालयात जा आणि अनोळखी नावाचं पुस्तक उचला.