बाईला प्रश्न, बुवाला चेक

अमेरिकेत आरोग्याच्या क्षेत्रात नवं काही घेऊन आलेल्या बाईला काही वर्षं एक प्रश्न हमखास विचारला जायचा : तुमचं हे थेरानोससारखं तर नाही ना? थेरानोस ही कंपनी काढणाऱ्या एलिझाबेथ होम्सने बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर ढीगभर चाचण्या करण्याची थाप मारली आणि 2022 मध्ये तिला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. छान झालं. पण खटला तिच्यावर आणि उलटतपासणी बाकीच्या बायकांची! एकीला तर सल्ला मिळाला, केस रंगवून घ्या, सोनेरी केसांत तुम्ही होम्ससारख्या दिसता.

याच थेरानोसमध्ये होम्सचा जोडीदार होता सनी बलवानी. त्याला तिच्याहून जास्त, जवळजवळ तेरा वर्षांची शिक्षा झाली. पण ‘तुम्ही बलवानी तर नाही ना?’ असं कुणा पुरुषाला विचारल्याचं ऐकिवात नाही. पुरुषाने बुडवलं तर तो एकटा लबाड, बाईने बुडवलं तर बायकांची जातच तशी.

हे नुसतं रडगाणं नाही, त्याची मोजदाद झालेली आहे. न्यू यॉर्कच्या एका नावाजलेल्या स्टार्टअप स्पर्धेत गुंतवणूकदारांनी कुणाला काय विचारलं, हे संशोधकांनी तपासलं आणि 2017 मध्ये मांडलं. पुरुषांना आलेल्या प्रश्नांपैकी 67 टक्के ‘किती मोठे व्हाल?’ या थाटाचे होते. बायकांना आलेल्यांपैकी 66 टक्के ‘बुडालात तर?’ या थाटाचे. पहिल्या प्रकारचे प्रश्न ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना भांडवलही कितीतरी पट जास्त मिळालं. प्रश्न विचारणाऱ्या बायकांचीही तऱ्हा तीच. सासूला आपलं सूनपण आठवत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

मग कुणी वेगळी वाट काढली तर? अटलांटाच्या ‘फिअरलेस फंड’ने कृष्णवर्णीय बायकांच्या छोट्या धंद्यांना वीस हजार डॉलरचं अनुदान द्यायला घेतलं. 2023 मध्ये खटला उभा राहिला : हा वंशभेद आहे! आधार कशाचा, तर 1866 च्या कायद्याचा. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना करारमदार करता यावेत म्हणून केलेला कायदा त्यांच्याच पणत्यांवर चालवला. 2024 मध्ये तडजोड झाली आणि ते अनुदान बंद पडलं. समता अशी एकदम, घाऊक भावात आली.

बरं, उद्योजिकांचं जाऊ द्या, रुग्णाचं काय होतं ते बघा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो. हे यंत्र त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतं, त्यामुळे त्वचेच्या रंगाचा त्याच्या आकड्यावर परिणाम होऊ शकतो. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने ‘ठीक आहे’ म्हणण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. यंत्र दशकानुदशकं वापरात होतं. गव्हाळ-सावळ्या बोटांची माणसं यंत्र बनवणाऱ्यांत आणि पैसे लावणाऱ्यांत जास्त असती, तर हा प्रश्न कदाचित जरा आधी ऐरणीवर आला असता. बाईला आणि अल्पसंख्याकाला भांडवल देणं म्हणजे दानधर्म नव्हे. आपलं बोट कुणाच्या यंत्रात घालायचं, याचा तो व्यवहार आहे.

आपल्याकडे ‘फिअरलेस फंड’सारखे खटले ऐकू येत नाहीत, आपल्याकडे योजना असतात. 2016 च्या ‘स्टँड-अप इंडिया’त प्रत्येक बँक-शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला आणि किमान एका महिलेला दहा लाख ते एक कोटीचं कर्ज द्यायचं होतं. हेतू उत्तम. पण हप्ते लांबवण्याची सवलत होती जास्तीत जास्त 18 महिन्यांची. पापड-मसाल्यांना एवढे महिने पुष्कळ झाले. वैद्यकीय उपकरणाला मात्र नमुना, रुग्णांवरच्या चाचण्या, नैतिकता समितीची मंजुरी, परवाना असं सगळं उरकायचं असतं. यंत्र अजून प्रयोगशाळेत आणि हप्ता दारात.

त्यातूनही परवाना मिळालाच, तर रुग्णालयाची निविदा पुष्कळदा विचारते : मागच्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा. जिला पहिलं गिऱ्हाईक मिळालेलं नाही, तिने उलाढाल आणायची कुठून? तेवढ्यात आठ मार्च येतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, ‘नारीशक्ती’वर चाळीस मिनिटांचं भाषण. भाषण करणारे बहुधा खरेदी समितीवर असतात.

त्यांना एकच विनंती. शाल राहू द्या. दहा यंत्रं मागवा, चालतात का ते तपासा, नाही चालली तर परत करा. आणि चालली, तर बिल वेळेवर चुकतं करा.